अभिजात उदारमतवाद: नेहमीच्या शंका आणि त्यांची उत्तरं

उदारमतवादावर शंका मागवल्या की बहुतेक पत्रांत एकच समजूत दडलेली सापडते. सरकारने बाजूला व्हायचं, पैसेवाल्यांना रान मोकळं करून द्यायचं, की झाला अभिजात उदारमतवाद. समर्थक हे अभिमानाने सांगतात, विरोधक रागाने सांगतात, आणि मूळ ग्रंथ दोघांनीही उघडलेले नसतात. व्यक्तीचं स्वातंत्र्य जपण्यासाठी सत्तेला, ती कुणाचीही असो, मर्यादा घालायची, हा त्या ग्रंथांतला मूळ विचार. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचा राज्यसंस्थेवरचा दुसरा प्रबंध आणि एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याचं 'ऑन लिबर्टी' ही दोन्ही लहानशी पुस्तकं आहेत. ती वाचण्याऐवजी लोक व्हॉट्सअॅपवरच्या चार ओळी वाचतात आणि मला पत्र लिहितात. म्हणून पुन्हा एकदा उत्तरं देतो. काही उत्तरं एका वाक्याची आहेत, कारण प्रश्नच तेवढा आहे. एक बरंच लांबलं आहे, कारण तो घोळ सर्वांत जास्त नुकसान करतो.

प्रश्न: अभिजात उदारमतवादाचा जनक लॉक की अ‍ॅडम स्मिथ? परीक्षेत एकच पर्याय निवडायचा असतो.

एकच जनक नाही. परीक्षेपुरतं नेमलेल्या पुस्तकात असेल ते लिहा आणि शंका उरली तर शिक्षकांना विचारा.

प्रश्न: लॉक लोकशाहीवादी होता ना?

आजच्या अर्थाने नाही. सत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते, ती विश्वासाने सोपवलेली असते आणि विश्वासघात झाला तर लोक ती काढून घेऊ शकतात, असं त्याने सांगितलं. प्रत्येक माणसाला मत द्या, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

प्रश्न: आमच्या व्यापारी संघटनेच्या शिबिरात वक्त्यांनी सांगितलं की लोभातूनच समाजाचं भलं होतं, हे अ‍ॅडम स्मिथने सिद्ध केलंय आणि सरकारने बाजारात पडू नये हाच उदारमतवादाचा गाभा आहे. मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक किमान दर ठरवला आणि त्याखाली कुणी विकायचं नाही असा ठराव केला, तर ते मुक्त बाजाराला धरूनच आहे ना?

नाही. अजिबात नाही. आणि शिबिरात जे सांगितलं गेलं ते स्मिथच्या, म्हणजे अठराव्या शतकातल्या स्कॉटिश अर्थविचारवंताच्या, नावावर खपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आधी लोभाचं बघू. खासगी दुर्गुणांतून सार्वजनिक हित निपजतं, हा सिद्धान्त बर्नार्ड मँडेव्हिलचा. त्याचा मधमाश्यांच्या कथेवरचा ग्रंथ १७१४ सालचा. स्मिथने १७५९ मध्ये 'द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' लिहिलं, तेव्हा मँडेव्हिलचं नाव घेऊन त्याच्यावर टीका केली, कारण ही मांडणी सद्गुण आणि दुर्गुण यांतला भेदच पुसून टाकते असं त्याचं म्हणणं होतं. खाटीक आणि पाववाला आपल्यावर उपकार म्हणून माल देत नाहीत, स्वतःचं हित पाहून देतात, हे स्मिथचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण स्वतःचं हित पाहणं म्हणजे लोभ नव्हे. कामाचा मोबदला मागणारा शिक्षक लोभी ठरत नाही.

मग तो अदृश्य हात. 'द वेल्थ ऑफ नेशन्स' हा १७७६ चा जाडजूड ग्रंथ. त्यात हा शब्दप्रयोग एकदाच येतो, चौथ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात. परदेशी मालावरच्या बंधनांची तिथे चर्चा चालली आहे. व्यापारी स्वतःची जोखीम टाळायला देशातच भांडवल गुंतवतो आणि त्यातून त्याच्या मनात नसलेलं सार्वजनिक हितही साधतं, एवढाच तो मुद्दा. एका परिच्छेदातल्या या एका वाक्यावर लोकांनी अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं आणि उरलेला ग्रंथ बांधून ठेवला.

त्या उरलेल्या ग्रंथात तुमच्या ठरावाबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या भागाचं दहावं प्रकरण काढा. एकाच व्यवसायातले लोक करमणुकीसाठी जरी एकत्र जमले, तरी त्यांचं बोलणं अखेर जनतेविरुद्धच्या कटावर किंवा दर वाढवण्याच्या काही युक्तीवर येऊन थांबतं, असं तो म्हणतो. आठव्या प्रकरणात तो मालकांबद्दल बोलतो. मजुरांनी संघ केला की बोभाटा होतो, पण मजुरी वाढू न देण्यासाठी मालकांची मूक एकजूट सदैव आणि सर्वत्र असते, असं त्याचं निरीक्षण आहे. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी तर तो कायदे करणाऱ्यांनाच बजावतो. व्यापारी वर्गाकडून आलेला कायद्याचा प्रस्ताव फार सावधपणे आणि संशयाने तपासा, कारण या वर्गाचं हित जनतेच्या हिताशी कधीच पूर्ण जुळत नाही आणि जनतेला फसवण्यात, प्रसंगी पिळण्यातही त्याचा फायदा असतो. ज्या माणसाने हे लिहिलं, त्याचा फोटो मागे लावून दर ठरवण्याची शिबिरं होतात, याचा मला मनस्वी राग येतो.

स्मिथ कशाच्या विरोधात होता, हे नीट समजून घ्या. त्याच्या काळी व्यापारी आणि कारखानदार राज्यकर्त्यांकडून खास सवलती मिळवत होते: एकाधिकाराच्या सनदा, आयातबंदी, संघात नसलेल्यांना धंदा करायची मनाई. सरकारचा हस्तक्षेप म्हणून तो ज्यावर तुटून पडतो, तो बहुतांशी व्यापाऱ्यांनीच मागून घेतलेला हस्तक्षेप आहे. ईस्ट इंडिया कंपनीसारख्या मक्तेदार व्यापारी कंपनीचं राज्य हे कोणत्याही देशासाठी बहुधा सर्वांत वाईट राज्य असतं, असं तो लिहितो. पुढे इंग्लंडमध्ये परदेशी धान्याच्या आयातीवर जकात लावणाऱ्या धान्यकायद्यांविरुद्ध कॉब्डेन आणि ब्राइट या मुक्त व्यापाराच्या पुढाऱ्यांनी चळवळ केली आणि १८४६ मध्ये ते कायदे रद्द झाले. तीही बड्या जमीनदारांना संरक्षण देऊन लोकांची भाकरी महाग करणाऱ्या सवलतीविरुद्धची लढाई होती. सत्ता एका ठिकाणी साठली आणि तिला जाब विचारणारं कुणी उरलं नाही की माणसाचं स्वातंत्र्य जातं, ही या परंपरेची मूळ भीती आहे. ती सत्ता राजाची असेल, चर्चची असेल, नाहीतर तुमच्या संघटनेची असेल.

सरकारने बाजारात पडूच नये, हेही त्याचं म्हणणं नाही. दुसऱ्या भागात तो बँकांवर बंधनं सुचवतो आणि आक्षेप येणार हे ओळखून उत्तरही देतो. आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधायची सक्ती करणं हेही नैसर्गिक स्वातंत्र्याचं उल्लंघनच आहे. पण थोड्यांच्या स्वातंत्र्यामुळे साऱ्या समाजाची सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर कायद्याने ते रोखावं. पाचव्या भागात संरक्षण आणि न्याय यांच्याबरोबर तो सार्वजनिक बांधकामं आणि सामान्य लोकांचं शिक्षणही राज्याच्या कर्तव्यांत घालतो. आयुष्यभर दोन-चार साध्या क्रिया करत राहिलेल्या मजुराची बुद्धी मंदावते, ती वाचवायची तर राज्याने काहीतरी केलं पाहिजे, असं त्याला वाटतं.

मिल तर याहून स्पष्ट आहे. 'ऑन लिबर्टी'च्या पाचव्या प्रकरणात तो म्हणतो की व्यापार ही सामाजिक कृती आहे आणि मुक्त व्यापाराचं समर्थन व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वाहून वेगळ्या आधारांवर उभं आहे. हे एवढं वाक्य लोकांनी वाचलं असतं, तर माझी निम्मी पत्रं कमी झाली असती.

तेव्हा ठराव करू नका. अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यांत असं संगनमत गुन्हा किंवा दंडाला पात्र कृत्य ठरतं. कागदावर सही होण्याआधी या कायद्याचा जाणकार वकील गाठा. आधीच सही झाली असेल तर आजच गाठा.

प्रश्न: लिबर्टेरियन आणि अभिजात उदारमतवादी यांत काही फरक आहे का? मला तर एकच वाटतात.

फरक आहे. दोघेही एकाच घराण्यातले, पण राज्यसंस्थेचं कार्यक्षेत्र ठरवताना त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. रॉबर्ट नोझिक या अमेरिकी लिबर्टेरियन तत्त्वज्ञाने १९७४ च्या 'अ‍ॅनार्की, स्टेट अँड युटोपिया'मध्ये जे किमान राज्य मांडलं, त्यात हिंसा, चोरी, फसवणूक यांपासून संरक्षण आणि करारांची अंमलबजावणी एवढंच बसतं. त्यापलीकडे एकाचा पैसा घेऊन दुसऱ्याला दिला, की हक्काचा भंग. स्मिथ शिक्षणावर खर्च मागतो. मिल म्हणतो की मुलांना शिकवणं आई-बापांवर सक्तीचं असावं, मात्र सगळ्या शाळा राज्याच्याच हातात नसाव्यात. हायेकसारखा विसाव्या शतकातला कडवा बाजारवादीसुद्धा १९४४ च्या 'द रोड टू सर्फडम'मध्ये संपन्न समाजाने प्रत्येकाला अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी द्यावी, हे मान्य करतो. राज्याला 'रात्रीचा पहारेकरी' म्हणणं हे तर उदारमतवाद्यांचं वचनच नाही. जर्मन समाजवादी फर्डिनांड लासालने १८६२ मध्ये त्यांची टर उडवायला ते वापरलं.

इंटरनेटवरच्या पंधरा प्रश्नांच्या चाचणीने 'तुम्ही लिबर्टेरियन आहात' असं सांगितलं म्हणून कुणी लिबर्टेरियन होत नाही. अशा चाचण्यांमागे बहुधा जाहिरातीचा धंदा असतो. नोझिक वाचा, मग ठरवा.

प्रश्न: 'तुमचं मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन' हे व्होल्टेअरने कोणत्या पुस्तकात लिहिलंय?

कुठल्याच नाही, ते एव्हलिन बीअट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ मध्ये त्याची वृत्ती सांगताना स्वतःच्या शब्दांत लिहिलं.

प्रश्न: मी कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या खात्यावरून एक राजकीय मत लिहिलं. कंपनीने ते काढायला लावलं आणि लेखी समज दिली. माझ्या मताने कुणालाही इजा झालेली नाही. मिलच्या तत्त्वाच्या आधारे मला दाद मागता येईल का?

न्यायालयात मिल चालत नाही, कायदा चालतो. नेमणुकीचा करार, कंपनीची नियमावली आणि ती लेखी समज घेऊन वकिलाकडे जा. तक्रारीला मुदत असते; तत्त्वज्ञान वाचत बसलात तर ती निघून जाईल.

मिल काय म्हणाला असता, ते सांगतो. दुसऱ्याला इजा होऊ नये एवढ्यासाठीच एखाद्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालावं, हे त्याचं तत्त्व. सरकारचा जुलूम तेवढाच खरा, असं तो मानत नव्हता. 'ऑन लिबर्टी' १८५९ चं आहे, आणि त्याची मोठी चिंता समाजाच्या दडपणाची आहे. हे दडपण आयुष्याच्या बारीकसारीक गोष्टींत शिरतं आणि त्यातून सुटायला वाट कमी असते, म्हणून कित्येक राजकीय जुलमांहून ते भयंकर, असं त्याचं म्हणणं. पोटाची भाकरी ज्याच्या हातात आहे त्याने तोंड बंद केलं, तर ते तुरुंगात टाकण्याइतकंच परिणामकारक ठरतं, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. तुमच्या बाजूने त्याच्याकडे भरपूर आहे.

पण 'इजा नाही म्हणजे सगळं चालतं' असं सरसकट धरू नका. धान्यव्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असं वर्तमानपत्रात छापलं तर त्याला हात लावू नये. तेच वाक्य धान्यव्यापाऱ्याच्या घरासमोर खवळलेल्या जमावाला ऐकवलं, तर शिक्षा योग्य ठरू शकते. हे उदाहरण मिलचंच. तुमचा मजकूर कोणत्या प्रसंगी, कुणासमोर गेला, हे मला माहीत नाही. वकिलांना तेही सांगा.

प्रश्न: लॉकचे पैसे गुलामांच्या व्यापारात होते आणि मिल ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करत होता, असं वाचलं. खरं असेल तर हे सगळं तत्त्वज्ञान ढोंगी नाही का? ते अभ्यासक्रमातून काढून का टाकत नाहीत?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकचे भाग होते. कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा तो सचिव होता, आणि १६६९ च्या तिथल्या घटनेत स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर पूर्ण सत्ता दिलेली आहे. त्या मसुद्यात लॉकचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो कामात होता यावर नाही. मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत कंपनीच्या लंडनच्या कचेरीत होता. व्यक्तिस्वातंत्र्याची थोर बाजू मांडणाऱ्या 'ऑन लिबर्टी'च्या पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की हे तत्त्व लहान मुलांना लागू नाही आणि 'रानटी' समाजांनाही नाही. त्यांच्या सुधारणेसाठी एकतंत्री राज्य रास्त आहे. ज्यांच्यावर कंपनी राज्य करत होती, ते या वाक्यात कुठे बसत होते, ते वेगळं सांगायला नको.

हे झाकू नका. कुणी 'त्या काळात सगळेच असे होते' म्हणत असेल तर ऐकून घेऊ नका, कारण सगळे असे नव्हते. स्मिथ गुलामगिरीच्या आणि कंपनीच्या दोन्हींच्या विरोधात लिहीत होता.

पण काढून टाकण्याची मागणी उतावळी आहे. वगळले गेले त्यांनी काय केलं ते पाहा. फ्रान्सच्या क्रांतीने पुरुषांचे हक्क जाहीर केले, तेव्हा ओलँप द गूजने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी तिचा शिरच्छेद झाला. मेरी वोलस्टोनक्राफ्टने १७९२ मध्ये त्याच विवेकाच्या आणि हक्काच्या भाषेत स्त्रियांच्या शिक्षणाची मागणी केली. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५२ च्या भाषणात अमेरिकेला तिच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापुढे उभं केलं. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लिबरल पक्षाकडून ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि तुमचं इथलं राज्य तुमच्याच तत्त्वांना सोडून आहे, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. खुद्द मिलने १८६७ मध्ये मताधिकाराच्या विधेयकात 'पुरुष' या शब्दाऐवजी 'व्यक्ती' घालण्याची दुरुस्ती संसदेत मांडली. ती हरली, पण मतदानाला टाकली गेली.

यातून उदारमतवाद निर्दोष सुटतो असं समजू नका. राजकीय विचारवंत कॅरल पेटमनने १९८८ मध्ये आणि तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्सने (हा मिल नव्हे) १९९७ मध्ये याहून कठीण प्रश्न विचारला आहे. लोकांनी आपसांत करार करून राज्य उभं केलं, अशी ही परंपरा कल्पना करते; त्या सामाजिक कराराबाहेर स्त्रिया आणि गोरे नसलेले लोक राहिले, ही नजरचूक होती, की त्यांना बाहेर ठेवूनच तो करार झाला होता? हा आक्षेप मला आजवरच्या सर्व आक्षेपांत सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याला दोन ओळींत उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही शिक्षक असाल तर लॉकचं मालमत्तेवरचं पाचवं प्रकरण आणि मिल्सचं पुस्तक एकाच सत्रात शिकवा. अभ्यासक्रमात बदल हवाच असेल, तर रीतसर अभ्यास मंडळाकडे जा आणि दोन्ही बाजूंच्या जाणकारांना बोलवा.

प्रश्न: मार्क्सने उदारमतवाद पुरता खोडून काढला, मग आज तो वाचायचा कशाला?

'पुरता खोडून काढला' म्हणणाऱ्याने मार्क्सही वाचलेला नसतो. १८४४ मध्ये छापलेल्या ज्यूंच्या प्रश्नावरच्या लेखात तो म्हणतो की हे तथाकथित मानवी हक्क प्रत्यक्षात समाजापासून तुटलेल्या, स्वतःपुरत्या माणसाचे हक्क आहेत. त्यात दुसरा माणूस स्वातंत्र्याची अडचण म्हणून दिसतो. हा घाव खोल आहे. पण राजकीय मुक्ती हे मोठं पुढचं पाऊल आहे, असंही त्याने त्याच लेखात लिहिलं आहे. ते वाक्य पुढे पाठवायच्या मजकुरातून नेहमी गळतं.

त्याच दुखण्यावर उदारमतवादाच्या आतूनही बोट ठेवलं गेलं. टी. एच. ग्रीन या इंग्रज उदारमतवादी तत्त्वज्ञाने १८८१ च्या व्याख्यानात मांडलं की एक पक्ष अगतिक असताना झालेला करार कागदावर ऐच्छिक असला, तरी तो खरोखर स्वतंत्र नसतो. हा मुद्दा हवेतला नव्हता. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतल्या कामगारांचे तास दिवसाला १० आणि आठवड्याला ६० असे बांधून दिले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये लॉकनर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा करारस्वातंत्र्याच्या नावावर रद्द केला. न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी निकालपत्रात सुनावलं की आपल्या राज्यघटनेने हर्बर्ट स्पेन्सर या सरकारी हस्तक्षेपाच्या कडव्या विरोधकाचं पुस्तक कायदा म्हणून स्वीकारलेलं नाही. कार्ल पोलान्यी या अर्थेतिहासकाराने १९४४ मध्ये आणखी एक पाया हलवला: मुक्त बाजार आपोआप उगवला नाही, राज्याने कायदे करकरून तो उभा केला.

माझ्या मते ग्रीन आणि पोलान्यी यांचे मुद्दे अभिजात उदारमतवाद्यांना मान्य करावे लागतात. मार्क्सच्या बाबतीत मी एवढंच विचारतो की हक्क हे आडपडदे ठरवून काढून टाकले, तर उद्या राज्याने एखाद्याला रात्रीतून उचललं तेव्हा त्याने काय पुढे करायचं? विसाव्या शतकात अनेकांना हे विचारायची वेळ आली. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय पक्ष घेऊ नका, आणि जमलं तर दोन्ही बाजू शिकवलेल्या एखाद्या प्राध्यापकाशी बोलून घ्या.

प्रश्न: असहिष्णू लोकांना बोलू देऊ नये असं पॉपर सांगतो ना? ते चित्र सगळीकडे फिरतंय.

ते चित्र अर्धवट आहे. कार्ल पॉपर या विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञाची ही चर्चा १९४५ च्या 'द ओपन सोसायटी अँड इट्स एनेमीज'मधली एक टीप आहे, सातव्या प्रकरणाची. जोवर युक्तिवादाने त्यांना उत्तर देता येतं आणि लोकमताने त्यांना आवरता येतं, तोवर त्यांचं बोलणं दाबणं अत्यंत अविवेकाचं ठरेल, असं तो तिथे म्हणतो. ते युक्तिवाद नाकारून मुठी आणि पिस्तुलं उचलायला शिकवू लागले, तर दडपण्याचा हक्क राखून ठेवावा, असं त्याचं मत. आपल्याला न आवडणाऱ्या प्रत्येकाला 'असहिष्णू' ठरवून गप्प करायला ही टीप उपयोगी नाही. पूर्ण टीप एका बैठकीत वाचून होते.

प्रश्न: माझा तरुण मुलगा शिक्षण अर्धवट सोडतोय. काही बोललं की 'हे माझं आयुष्य आहे' म्हणतो आणि मिलचं पुस्तक दाखवतो. या व्यक्तिवादानेच घरं मोडत नाहीत का?

ताई, त्याला ते पान पुन्हा उघडायला सांगा. सज्ञान माणसाला त्याच्याच भल्यासाठी सक्ती करू नये, असं मिल म्हणतो. पण त्याची समजूत घालणं, त्याच्याशी वाद घालणं, त्याला विनवणं यांना तो योग्यच मानतो. एकमेकांच्या आयुष्याशी आपल्याला देणंघेणं नाही असा आपल्या तत्त्वाचा अर्थ लावणं ही मोठी गैरसमजूत आहे, असंही त्याने बजावलं आहे. तेव्हा तुम्ही बोलणं थांबवू नका.

व्यक्तिवादाने माणसं एकटी पडतात, ही भीती जुनी आहे आणि खोटी नाही. अमेरिकेच्या लोकशाहीवर लिहिणाऱ्या टोकव्हिल या फ्रेंच विचारवंताला ती १८४० मध्येच वाटत होती. लोक आपापल्या लहान वर्तुळात शिरतील आणि मोठा समाज राज्यकर्त्यांवर सोडून देतील, असं त्याला दिसत होतं. गेल्या शतकात मॅकइंटायर आणि सँडेल या तत्त्वज्ञांनी हीच टीका पुढे नेली: माणूस नात्यांच्या आणि परंपरेच्या आधीच पुरता घडलेला नसतो. पण मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न तत्त्वज्ञानाने सुटायचा नाही. तो मनाने खचलाय का, की त्याला खरंच दुसरं काही करायचंय, हे त्याच्या शिक्षकांकडून आणि चांगल्या समुपदेशकाकडून समजून घ्या. पुढच्या सत्राची वाट पाहू नका.

प्रश्न: 'सात दिवसांत उदारमतवाद, प्रमाणपत्रासह' असा एक ऑनलाइन वर्ग आहे. घ्यावा का?

नको. लॉक, स्मिथ, मिल यांच्या मूळ ग्रंथांचे हक्क केव्हाच संपले आहेत आणि ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रमाणपत्राला विद्यापीठात काही किंमत आहे का, हे पैसे भरण्याआधी विद्यापीठातच विचारा, वर्गवाल्यांना नको.

प्रश्न: पीएच.डी.साठी 'अभिजात उदारमतवाद आणि त्याचे टीकाकार' हा विषय घेतलाय. दोन वर्षं वाचनाची यादी तयार करतोय, ती संपतच नाही. अजून कोणती पुस्तकं घालू?

एकही घालू नका. दोन वर्षं यादीत घालवलीत, हाच तुमच्या कामाचा खरा अडथळा आहे. आणि हा विषय नव्हे, हे एक ग्रंथालय आहे. इतक्या रुंद मथळ्याखाली प्रबंध लिहिता येत नाही.

एक प्रश्न धरा. उदाहरणार्थ, लॉक म्हणतो की निसर्गातल्या वस्तूत श्रम मिसळले की ती माझी होते, पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. आता पृथ्वीवरची सगळी जमीन कुणाच्या ना कुणाच्या नावावर असताना ही अट काय मागते? ज्याच्या वाट्याला काहीच उरलं नाही, त्याचं मालकांकडे काही येणं लागतं का? नोझिकने १९७४ च्या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात ही अट सैल केली: मालकीमुळे दुसऱ्याची स्थिती आधीपेक्षा वाईट झाली नाही, म्हणजे पुरे. ती इतकी सैल करायचा त्याला काय अधिकार, यावर जी. ए. कोहेन या मार्क्सवादी तत्त्वज्ञाने त्याला धारेवर धरलं. या तिघांमध्येच प्रबंधाएवढं काम आहे.

लॉकचं पाचवं प्रकरण, नोझिकचं सातवं आणि कोहेनचं त्यावरचं लेखन एवढंच टेबलावर ठेवा. महिन्याभरात दहा पानं लिहा, कच्ची असली तरी चालतील, आणि ती घेऊन मार्गदर्शकांना भेटा. विषय बदलायला विद्यापीठाची परवानगी लागत असेल, तर तिची मुदत कधी संपते हेही त्याच भेटीत विचारून घ्या.